क्रूझ जहाजावरून प्रवासी बेपत्ता होतो, अशी थ्रिलर कादंबरी आजच्या काळात पटेल का?

तुम्ही विचारलंय की, क्रूझवर जागोजागी कॅमेरे असतात, केबिनचं दार कार्डाशिवाय उघडत नाही, आजूबाजूला हजारो माणसं असतात. मग तिथून एक प्रवासी नाहीसा झाला हे वाचकाला पटवायचं कसं? आणि शेवटी मृतदेह सापडायलाच हवा का?

पटवता येतं, आणि त्यासाठी कॅमेरे बंद पाडायची गरज नाही. मी रहस्यकथा भरपूर वाचतो, सागरी अपघातांचे चौकशी अहवालही बारकाईने वाचतो. त्यावरून माझं ठाम मत झालंय की अशा कादंबरीचा जीव शेवटची नोंद आणि पहिली शंका यांच्या मधल्या वेळात असतो. माणूस शेवटचा कधी दिसला आणि तो जागेवर नाही हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, यात किती तास गेले ते आधी ठरवा. वादळ, अंधार, खलनायक हे सगळं नंतर.

सगळ्यात बोलकं उदाहरण खऱ्या आयुष्यातलं आहे. डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी ‘ड्रेस्डेन’ नावाच्या स्टीमरने अँटवर्पहून इंग्लंडला निघाले. सोबतच्यांबरोबर जेवण झालं. रात्री दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून ते केबिनकडे गेले. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं, पण झोपताना घालायचा शर्ट बाहेर काढून ठेवलेला होता आणि घड्याळ पलंगावरून दिसेल असं ठेवलेलं होतं. हॅट आणि ओव्हरकोट मात्र मागच्या डेकवर, कठड्याखाली, नीट घडी करून ठेवलेले सापडले. आत्महत्या, अपघात की घातपात, हा वाद अजून मिटलेला नाही.

यातल्या वस्तू कशा एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देतात बघा. शर्ट आणि घड्याळ सांगतात की हा माणूस झोपणार होता. कोटाची घडी काही वेगळंच सांगते. आणि सव्वासहाचा निरोप नसता, तर कदाचित जहाज बंदराला लागेपर्यंत कुणाला काही कळलंही नसतं. एक साधा निरोप कथेचं घड्याळ सुरू करतो. तुमच्या कादंबरीत असा निरोप कुणी दिला आणि का दिला, हे शोधा.

आता आजच्या जहाजावर या. प्रवाशाचं कार्ड गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याच्या वाटेवर, स्कॅन होतं, त्यामुळे तो जहाजावर आहे की किनाऱ्यावर उतरलाय एवढं नक्की कळतं. पण जहाज बंदरातून सुटलं की त्या नोंदीचा उपयोग संपतो. केबिनचं कुलूप बाहेरून कार्डाने उघडलं की वेळ नोंदली जाते. आतून हँडल फिरवून बाहेर पडायला कार्ड लागत नाही. म्हणजे ‘रात्री 11:40 ला ती खोलीत गेली’ हे यंत्र सांगेल, ती बाहेर कधी पडली हे सांगेलच असं नाही. कॅमेरे चित्रण करत असतात, पण शेकडो पडद्यांवर सतत कुणाची नजर नसते. कुणी बेपत्ता आहे हे कळल्यावर ते चित्रण मागे नेऊन बघावं लागतं, आणि तोवर जहाज पुढे गेलेलं असतं.

माणूस पाण्यात पडताच इशारा देणाऱ्या यंत्रणा आहेत. उष्णता टिपणारे कॅमेरे, रडार वगैरे. पण त्या सगळ्याच जहाजांवर नाहीत, शिवाय पक्षी आणि लाटांचे तुषार यांच्यामुळे खोटे इशारेही मिळतात. क्रूझवरच्या सुरक्षेसाठी अमेरिकेने 2010 मध्ये कायदा केला. कठडे किमान 42 इंच, म्हणजे जवळपास 107 सेंटिमीटर उंच हवेत, केबिनच्या दाराला बाहेरचं बघायला भोक हवं, अशा अटी त्यात आहेत. पण पडणाऱ्या माणसाला टिपणाऱ्या यंत्रणेची अट ‘असं तंत्रज्ञान उपलब्ध असेल त्या मर्यादेत’ अशी घातली गेली. कादंबरीकाराला शिरायला एवढी फट पुष्कळ झाली.

त्या 42 इंचांचा मात्र मान राखा. 107 सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या पोटापर्यंत येणारा कठडा. नुसतं वाकून समुद्र बघताना कुणी त्यावरून पडत नाही. एक तर तो कठड्यावर चढला किंवा बसला असणार, नाहीतर कुणीतरी त्याला उचललं असणार. ‘तोल गेला आणि पडली’ असं तुमचा एखादा जबाबदार अधिकारी म्हणाला, तर तिथेच चाणाक्ष वाचकाचे कान टवकारले पाहिजेत.

पहिली शंका कुणाला येईल? जोडीदार सोबत असेल तर काही तासांत. एकटा प्रवासी असेल, तर सकाळी केबिन आवरायला येणाऱ्या स्टुअर्डला बिछाना न विस्कटलेला दिसेल तेव्हा. आणि दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी असेल तर आणखी बरेच तास निघून जातात. ही पाटी आतल्याने लावली की बाहेरच्याने, एवढ्या एका प्रश्नावर तुमचा निम्मा तपास उभा राहू शकतो.

हे तास किती महाग पडतात ते आकड्यांत बघा. जहाज 20 नॉटने, म्हणजे ताशी साधारण 37 किलोमीटर वेगाने, चालत असेल, तर एका मिनिटात ते 600 मीटरहून पुढे जातं. आठ तासांत जवळजवळ 300 किलोमीटर. रात्री अकराला पडलेल्या माणसाचा शोध सकाळी सातला सुरू झाला, तर नेमकं कुठे शोधायचं? शिवाय प्रवाह आणि वारा त्याला कुठल्या कुठे घेऊन गेलेले असतात. तरीही माणूस जिवंत सापडू शकतो: 2022 मध्ये मेक्सिकोच्या आखातात क्रूझवरून पडलेला एक प्रवासी पंधरा तासांहून जास्त वेळ पाण्यात राहून वाचला. तो दिसेनासा झाल्याचं सोबत असलेल्या घरच्यांनीच कळवलं होतं.

जहाज मागे वळवण्याचा प्रसंग बहुतेक लेखक एका ओळीत उरकतात. तिथे थांबा. विल्यमसन टर्न म्हणून एक पद्धत आहे. सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवायचं. जहाज मूळ दिशेपासून 60 अंश फिरलं की ते दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग बरोबर उलट्या दिशेला यायला 20 अंश उरले की सुकाणू मध्यावर आणायचं, आणि जहाज ज्या रेषेने आलं त्याच रेषेवर परत चालू लागतं. वेगात असलेलं मोठं जहाज असं वळताना कलतं. टेबलावरचा ग्लास सरकतो, झोपलेला माणूस जागा होतो. ज्याला कारण माहीत आहे असा एकच प्रवासी त्या वेळी शांतपणे पडून राहिला, तर बघा काय होतं ते.

घड्याळाचीही एक गंमत आहे, ती मला फार आवडते. अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडे जाताना जहाजावर काही रात्री घड्याळं एक तास मागे घेतात. दोनचे पुन्हा एक वाजतात, म्हणजे एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा येतो. एक जण शपथेवर सांगतो, दीड वाजता ती डेकवर होती. दुसरा सांगतो, दीड वाजता ती बारमध्ये माझ्यासमोर बसली होती. दोघंही खरं बोलतात. दारू प्यालेली, गोळ्या घेणारी, जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही अशी निवेदिका आता वाचून वाचून गुळगुळीत झालीय. तिच्यापेक्षा शुद्धीवर असलेले दोन प्रामाणिक साक्षीदार घ्या.

तपास कुणी करायचा, हा प्रश्न तर या कथांचा खजिनाच आहे. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारानुसार खुल्या समुद्रात जहाजावर मुख्यतः त्याच देशाचा अधिकार चालतो, ज्याचा झेंडा त्यावर आहे. क्रूझ जहाजं बऱ्याचदा बहामास, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. त्यामुळे प्रवासी एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशातली, घटना भर समुद्रात, आणि पोलीस अधिकारी यायचा तो तिसऱ्याच देशातून विमानाने. तोवर चौकशी जहाजावरचे सुरक्षा अधिकारी करतात आणि त्यांचा पगार कंपनी देते. तो अधिकारी वाईट माणूस दाखवू नका. तो मनापासून सत्य शोधतोय आणि तरी त्याला वर कळवावं लागतंय, यातला ताण जास्त खरा आहे. त्यात सफरीचा शेवटचा दिवस जोडा. सकाळी जहाज बंदराला लागतं, दुपारपर्यंत जुने प्रवासी सामान घेऊन उतरतात, केबिनी धुऊन-पुसून तयार होतात आणि संध्याकाळी नवे प्रवासी घेऊन जहाज सुटतं. साक्षीदार आणि पुरावे दोन्ही एका दुपारीत गेले. तुमच्या नायिकेकडे तेवढाच वेळ आहे.

राहिला मृतदेहाचा प्रश्न. तो सापडायलाच हवा असं नाही, पण वाचकाला काय घडलं ते मात्र कळलं पाहिजे. इथेही डिझेल यांचंच उदाहरण घेतो. काही दिवसांनी एका डच बोटीवरच्या लोकांना समुद्रात एक मृतदेह दिसला. तो इतका खराब झाला होता की त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, पाकीट, खिशातला चाकू, चष्म्याचं घर. त्या वस्तू डिझेल यांच्या मुलाने ओळखल्या. तुमच्या कादंबरीलाही अशी एक वस्तू पुरेल. फक्त ती शेवटी अचानक काढू नका. पहिल्या पन्नास पानांत, जेवणाच्या टेबलावर किंवा गँगवेच्या रांगेत, बेपत्ता होणाऱ्या माणसाच्या हातात वाचकाला ती सहज दिसून गेलेली असू द्या.