२००५ च्या कॅटरिना वादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. त्या पुरावरचं जॅझ कसं ऐकावं? शब्दच नाहीत, मग त्यात पूर शोधायचा कुठे?

वादळाचा गडगडाट शोधू नका, तो सापडणार नाही. टेरेन्स ब्लँचार्डचा ‘अ टेल ऑफ गॉड्स विल’ (२००७) घ्या. हा ट्रम्पेटवादक न्यू ऑर्लिन्सचाच. दिग्दर्शक स्पाइक लीच्या कॅटरिनावरच्या माहितीपटाला त्याने संगीत दिलं आणि त्यातल्याच चार रचना वाढवून हा अल्बम उभा केला.

फोनच्या स्पीकरवर ऐकलात तर निम्मं हरवेल. यात पाणी म्हणजे व्हायोलिन-चेलोंचा ताफा, आणि त्यातले खालचे स्वर छोट्या स्पीकरमधून येतच नाहीत. हेडफोन लावा, शफल बंद ठेवा, आणि सुरुवात दुसऱ्या तुकड्यापासून, ‘लेव्हीज’पासून करा (लेव्ही म्हणजे पाणी अडवणारा बांध). आधी तारवाद्यं संथ पसरतात, मग त्यांच्यावर ट्रम्पेट येतो. तो सुरेल राहायचा प्रयत्नच करत नाही. स्वर ओढतो, चिरकतो, छपरावर अडकलेल्या माणसाने हाक मारावी तसा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती वादकाची चूक वाटते!

पुढची किल्ली न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेत आहे. स्नेअर ड्रमच्या तळाशी तारा असतात, त्यांनी तो चरचरतो. स्मशानाकडे जाताना त्या तारांत रुमाल खुपसून आवाज बोदा करतात आणि बँड अगदी संथ चालीत वाजवतो. दफन झालं की रुमाल निघतो, ड्रम कडाडतो, आणि छत्र्या नाचवत लोक मागे निघतात. हीच ‘सेकंड लाइन’. आता शेवटून दुसरा तुकडा, ‘फ्यूनरल डर्ज’, ऐका. हा फक्त जातानाचा भाग आहे. परतीचं नाचगाणं इथे येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट तीच.

‘घोस्ट’ नावाचे तीन छोटे तुकडे वगळू नका. ‘घोस्ट ऑफ १९२७’ मागे आहे त्या वर्षीचा मिसिसिपी नदीचा पूर, ज्यात शहर वाचवण्यासाठी खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने उडवला आणि पाणी गरिबांच्या वस्त्यांवर सोडलं. ‘घोस्ट ऑफ बेट्सी’मधली बेट्सी म्हणजे १९६५ चं वादळ. २००५ मध्येही सुमारे ८० टक्के शहर बुडालं ते मुख्यतः कालव्यांच्या भिंती आणि बांध फुटल्यामुळे. त्यामुळे नावातली ‘देवाची मर्जी’ सरळ अर्थाने घेऊ नये, असं मला वाटतं.

आपल्या कानाला ओळखीची एक गोष्ट: झॅक हार्मनचा तबला. त्याच्याच नावापुढे ‘हॅपी ॲपल’ हे किणकिणणारं खेळणंही नोंदलेलं आहे.

शेवटचा ‘डिअर मॉम’ मात्र माहितीपट पाहिल्यावर ऐका. पाण्याने उद्ध्वस्त झालेल्या घरात ब्लँचार्ड आईला घेऊन जातो, तो प्रसंग माहितीपटात आहे.