हाताचा घाम आणि गिटारची तार

प्रश्न : सर नमस्कार, मी परभणीची, बारावी झालीय, दीड वर्षापासून अकूस्टिक गिटार शिकतेय. माझ्या तळहाताला लहानपणापासून खूप घाम येतो, परीक्षेत पेपरखाली दस्ती ठेवूनच लिहावं लागतं. नवीन तारा टाकल्या की पंधरा-वीस दिवसात पहिली दुसरी तार काळी पडते, मग खरखर लागते, बोटाला तांबडं लागतं, आणि जाड तारा हिरवट होतात. मैत्रिणीला त्याच कंपनीच्या तारा चार महिने पुरतात. आज्जी म्हणते चिंच लावून घास, भाऊ म्हणतो खोबरेल लाव, एक दुकानदार म्हणले तुझ्या हातालाच खार आहे, गिटार तुझ्यासाठी नाही. दर महिन्याला तारांचे पैसे मागायची घरी लाज वाटते. काय करू?

उत्तर : लेकरा, दुकानदाराचं ते शेवटचं वाक्य आधी डोक्यातनं काढून टाक. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांत दरवर्षी दोन-चार जण तरी तुझ्यासारख्या हातांचे असतात आणि त्यातले कितीतरी आज छान वाजवतात. हाताला खार आहे हे मात्र खरंय, ते सगळ्यांच्याच हाताला असतं, कुणाच्या कमी कुणाच्या जास्त. घामात पाण्याबरोबर मीठ असतं, लॅक्टिक ॲसिड असतं, थोडा युरिया असतं आणि त्याचं प्रमाण माणसागणिक वेगळं, म्हणून मैत्रिणीची तार टिकते आणि तुझी टिकत नाही, यात तुझी काहीच चूक नाही.

आता तार म्हणजे काय ते बघ, आणि यासाठी आज्जीलाच कल्हईचं विचार, तिला लगेच कळेल. तुझ्या गिटारची पहिली आणि दुसरी तार म्हणजे नुसता पोलादाचा बारीक धागा, पहिली तर जेमतेम ०.३० मिलिमीटर जाडीची, आणि त्यावर बहुतेक कंपन्या कथिलाचा पातळ थर देतात, म्हणजे कल्हईच की! पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की त्यात ताक कळकतं, इथं कल्हई गेली की तार गंजते. बोटं घासून, पिक म्हणजे तार छेडायची चकती लागून, फ्रेटवर म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर दाबून तो थर कुठंतरी खरवडतोच, आणि खरवडला की त्या जागेचं लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही लवकर गंजतं, कारण कथील आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात शेजारीशेजारी आले की आधी लोखंडच झिजतं. म्हणून आधी काळे ठिपके, मग खरखर, मग बोटाला तांबडं. बाकीच्या चार जाड तारांना आत पोलाद आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचा वेढा असतो. पाकिटावर ८०/२० ब्रॉन्झ लिहिलेलं असलं तरी ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त म्हणजे आपलं पितळच, म्हणून त्यावर तसाच हिरवा कळंक चढतो.

आणि माझं मुख्य म्हणणं इथं आहे, हे नीट वाच. वाजवताना घाम येतो त्यानं तारेचं तेवढं नुकसान होत नाही जेवढं वाजवून झाल्यावर जे तारेवर राहतं त्यानं होतं. पाणी उडून जातं पण मीठ तिथंच बसतं. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी आपोआप ओली होते? हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, तारेवरचं मीठही तेच करतं, तू झोपलेली असतेस आणि तार रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजत पडलेली असते.

तू म्हणशील सर आपल्या मराठवाड्यात कुठली आली आर्द्रता, मे महिन्यात परभणीत नुसती भट्टी असते. बरोबर, पण तुमच्या घरी कूलर असेल ना? मी शिकत होतो त्या वर्षी खिडकीत लोखंडी कूलर होता, वाळ्याच्या जाळ्यांचा, आणि गिटार मी समोरच्या भिंतीला खिळ्याला टांगायचो म्हणजे येताजाता हाताशी राहील. गावाकडं लग्न होतं म्हणून आठ दिवस हात लावला नाही, कूलर घरच्यांसाठी दिवसरात्र चालूच होता. परत आलो तर पहिली तार बारीक भुऱ्या ठिपक्यांनी भरलेली, जिथं मी रोज जी कॉर्ड (दोन-तीन तारा एकदम दाबून धरायचे सूर) धरायचो बरोबर तिथंच जास्त, आणि वर हेडजवळ जिथं बोट कधी जात नाही तिथं तार चकचकीत. तेव्हा मला कळलं की गंज बोटांच्या जागीच आलाय, आणि तोही मी नसताना. कूलर म्हणजे खोलीत पाणीच सोडणं आहे, दारं-खिडक्या बंद ठेवून लावला तर भर उन्हाळ्यात त्या खोलीत श्रावण येतो. गिटार कूलरच्या झोतात ठेवायची नाही, शक्य असेल तर त्या खोलीतही नाही, आणि ठेवावीच लागली तर पुसून बॅगेत, चेन बंद करून.

पुसायचं कसं हे सांगतो कारण बहुतेक जण चुकीचं पुसतात, कपडा वरून एकदा फिरवला की झालं म्हणतात. तार फ्रेटबोर्डच्या बाजूनं, म्हणजे खालून, तशीच खारट राहते आणि गंज तिथनंच सुरू होतो. जुन्या सुती धोतराचा नाहीतर मऊ झालेल्या कॉटन साडीचा हातभर तुकडा घे, तो एकेका तारेखालनं घाल, तार कपड्यासकट अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धर आणि ब्रिजपासून (खाली तारा जिथं अडकवलेल्या असतात ती पट्टी) वर नटपर्यंत (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ओढत ने, कपडा थोडा सरकवून परत एकदा. पहिल्या दिवशी कपड्यावर काळी रेघ उमटेल, ती बघ, तेच तारेला खात होतं. सहाही तारांना मिळून दीड-दोन मिनिटं लागतात. जाड तारांच्या वेढ्यात घाम घुसतो म्हणून त्या जरा दाबून पुसायच्या. कपडा आठवड्याला धुवायचा, नाहीतर कालचं मीठ आज परत लावणं होतं. नायलॉन किंवा टेरिकॉटचा कपडा नको, तो घाम पीतच नाही.

वाजवायच्या आधी हात साबणानं धू, पण आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं असतं, बादलीवर पांढरे डाग पडतात बघ, म्हणून धुतल्यावर हात कोरडे खडखडीत पूस आणि पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसून मग गिटार घे. मांडीवर दस्ती ठेव, दर गाण्यानंतर तळहात आणि बोटांची टोकं टिपत जा, परीक्षेत करतेस तसंच. टाल्कम पावडर लावणारे पण आहेत, मला ते पटत नाही, घाम आणि पावडर मिळून जाड तारांच्या वेढ्यात लगदा होतो आणि तार आठ दिवसात मुकी होते.

चिंचेचं म्हणशील तर आज्जीचं ज्ञान खोटं नाही, चिंचेनं पितळ उजळतंच. पण भांडं आपण नंतर खळखळून धुतो, तार कशी धुणार? तो आंबटपणा वेढ्यात अडकतो आणि आतल्या पोलादाला लागतो. लिंबू, पितांबरी, सगळ्याला हेच उत्तर. खोबरेल तर अजिबात नको, त्यावर धूळ बसते, आपल्या काळ्या मातीच्या फुफाट्याचं तर विचारूच नको, महिन्याभरात खवट वास येतो आणि तारेचा आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो. तारेसाठी म्हणून मिळणारं पातळ मिनरल ऑइल असतं, फास्ट-फ्रेट वगैरे नावानं, ते पुसल्यानंतर पहिल्या दुसऱ्या तारेवर अगदी नावाला फिरवून परत कपड्यानं टिपलं तर फायदा होतो. कोरोनापासून घरोघरी सॅनिटायझर पडलाय तो पण तारेला लावू नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकटा राहतो, आणि अल्कोहोल लाकडाच्या पॉलिशवर सांडलं तर डाग पडतो तो निघत नाही.

आता पैशाचं. तुझ्यासारख्या हाताला कोटेड तारा घे असं मी स्पष्ट सांगतो. तारेवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो, एलिक्सर कंपनीच्या याच तारा प्रसिद्ध आहेत, गोर-टेक्स नावाचं रेनकोटचं कापड बनवणाऱ्यांनीच त्या काढल्या, आणि डॅडारिओच्या एक्सटी पण मिळतात. किंमत साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट असते हे ऐकून घरचे दचकतील, पण तू हिशोब मांड, तुझा साधा सेट तीन आठवडे टिकतो आणि कोटेड पुसून वापरलास तर तीन-चार महिने सहज जातो, माझ्या घामट हाताच्या पोरांचा अनुभव हाच आहे. घेताना एवढं बघ की पहिल्या दुसऱ्या तारेलाही गंजरोधक थर आहे असं पाकिटावर लिहिलंय, कारण काही सेटमध्ये फक्त जाड तारा कोटेड असतात आणि तुझी अडचण बारीक तारांचीच जास्त आहे. कोटिंग झिजलं की पांढरे धागे निघतात, त्यानं घाबरू नको. आणि तोपर्यंत साध्याच वापरायच्या असतील तर फॉस्फर ब्रॉन्झ घे, त्यात जस्ताऐवजी कथील असतं, तिचा आवाज ८०/२० पेक्षा जास्त दिवस टिकतो. पूर्ण सेट दरवेळी बदलायची गरज नाही, पहिली आणि दुसरी तार बऱ्याच दुकानांत सुटी मिळते, तेवढीच बदल.

गंजलेली तार मात्र ओढत राहू नको. ती फ्रेटला कानशीसारखी घासते आणि फ्रेटचं काम तारांच्या कितीतरी पट महाग पडतं. काढताना आधी खुंटी पूर्ण सैल कर मगच काप, ताणलेली तार कापली तर डोळ्याकडं उडते.

बॅगेत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर ठेव, पण मार्च ते मे काढून टाक, कारण लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पुड्या ठेवल्या तर तार वाचेल पण वरची फळी तडकेल.

एक अजून, आणि हे मी मनापासून सांगतोय. पेपरखाली दस्ती ठेवावी लागते इतका घाम येत असेल तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. यावर उपचार आहेत, ॲल्युमिनियम क्लोराईडचं लोशन देतात, पाण्यात हात ठेवून हलका विद्युतप्रवाह देण्याची पद्धतही आहे, पण ते डॉक्टरांच्याच सल्ल्यानं, घरी काही करायला जाऊ नको.

प्रश्न : रामकृष्ण हरी. मी बीड जिल्ह्यातल्या गावात वीणेकरी आहे. आमच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. यंदा तिसऱ्याच दिवशी तारा काळ्या पडल्या. तेल लावावं का?

उत्तर : माऊली, रामकृष्ण हरी. तेल नको, तारेवरचं तेल घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर उतरतं आणि जव्हारी, म्हणजे तिथनं उठणारा तारेचा झणकार, बसते, मग वीणेचा गोडवा जातो. तुमच्या वीणेला रात्रीची विश्रांतीच नाही त्यामुळं पुसायची वेळ एकच आहे, पहारा बदलताना. उतरणाऱ्यानं वीणा गळ्यात असतानाच कोरड्या सुती उपरण्याच्या टोकानं चारही तारा चिमटीत धरून पुसाव्या आणि मगच पुढच्याच्या गळ्यात द्यावी, घेणाऱ्यानंही बुक्का लावलेलं बोट आधी पुसून घ्यावं. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का बघा, हार. लोक भक्तीनं हार घालतात, तो बहुतेक वेळा पाणी शिंपडून आणलेला असतो आणि थेट तारांवर टेकतो, माझा अंदाज आहे की तुमच्या तारा घामापेक्षा त्यानंच काळ्या पडल्या. हार झटकून घाला आणि वर खुंट्यांच्या मागं बांधा, तारांना लागू देऊ नका. सप्ताह संपला की तारा पुसून, वीणा एक दिवस सावलीत वाऱ्याला ठेवून मगच गवसणी चढवा.