टेलिकास्टर पद्धतीच्या (सपाट, भरीव लाकडी बॉडीच्या इलेक्ट्रिक) गिटारवर शिसवी टॉप, म्हणजे बॉडीच्या दर्शनी बाजूवर बसणारी फळी, चिकटवता येईल का, आणि त्याने आवाज बदलेल का?

चिकटवता येईल. आवाजाचे म्हणाल, तर पिकअप (तारांखाली बसवलेला चुंबकी भाग) तारेचे कंपन टिपतो, आणि पाच-सहा मिलिमीटरच्या फळीने पडणारा फरक मला तरी कधी ऐकू आलेला नाही. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या गिटारवर १९५२ पासून मेपलचा टॉप असला, तरी तो सोनेरी रंगाखाली झाकलेला असे. त्याच्या रेषा दिसू लागल्या त्या १९५८ मध्ये सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिकट असा पारदर्शक रंग) आल्यावर. मला मात्र तुम्ही न विचारलेल्या ओलाव्याबद्दल लिहायचे आहे, कारण माझी गिटार त्यानेच बिघडवली.

चिपळूणच्या आमच्या जुन्या घरातील शिसवी कपाटाचे एक दार आजोबांची आठवण म्हणून मी ठेवून घेतले होते. त्याची फळी जाडीत चिरून, दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडायचे, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात, असे ठरले. पुण्यातील एका कारागिराकडे ऑगस्टमध्ये ती दिली, तेव्हा आधी काही आठवडे फळी कोरड्या खोलीत ठेवावी, अशी मी विनंती केली. "शंभर वर्षांचं शिसव आहे साहेब, ते आता कशाला हलतंय?" असे म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात सहा मिलिमीटरचा टॉप चिकटवून टाकला.

जानेवारीत मधली शिवण पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी उघडली. तारांच्या ओढीने ती उघडली, असे त्यांचे उत्तर होते. तारा शिवणीच्याच दिशेने ओढतात आणि लाकूड आकसते ते आडवे, हे रोज रंधा मारणाऱ्या माणसाला माहीत असायलाच हवे. मला आधीपासून शंका होती, म्हणून उरलेला तुकडा घरी आणून मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत होतो. ऑगस्टमध्ये तो ४१२ ग्रॅम होता, जानेवारीत ३८८ ग्रॅम; म्हणजे शंभर वर्षांच्या त्या लाकडातून २४ ग्रॅम पाणी गेले होते, आणि पुढच्या जुलैत तोच तुकडा पुन्हा ४०३ ग्रॅम भरला.

तेव्हा तुमची फळी आणि गिटारची बॉडी एकाच खोलीत ठेवा, दर आठवड्याला वजन करा, आणि ते लागोपाठ तीन वेळा तेच आले की मगच सरस लावा. कितीही जाणता कारागीर घाई करू लागला, तरी ऐकू नका. बॉडीवरचा जुना रंग पूर्ण काढावा लागतो, आणि टॉप जेवढा जाड तेवढीच बॉडी आधी रंध्याने उतरवावी लागते. नाहीतर नेक (गिटारचा दांडा) जागच्या जागी राहते, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तेवढा वर येतो आणि तारा खाली आणता येत नाहीत. माझ्या गिटारवर तेही झाले होते. एवढा खटाटोप नको असेल, तर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावा.

हे सारे सपाट बॉडीबद्दल आहे. हात टेकण्यासाठी उतार दिलेल्या बॉडीवर जाड टॉप वाकवावा लागतो. शिसव तेलकट असते, म्हणून चिकटवण्याच्या लगेच आधी ते अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, आणि घासताना तोंडाला चांगला मास्क लावा, कारण त्याची धूळ बऱ्याच जणांना बाधते.