ऑरगॅनिक कपडे परवडत नाहीत, मग कपड्यांच्या बाबतीत पर्यावरणाचा विचार कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की ऑरगॅनिक कॉटनचे कपडे महाग पडतात, मग साध्या पगारात काय करायचं. मी म्हणेन नवीन काय घ्यायचं हे नंतर, आधी घरातलं कपाट उघडा. एका सुती टी-शर्टला कापूस पिकवण्यापासून साधारण २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो, म्हणजे तुमच्या कपाटातल्या टी-शर्टचं पाणी खर्च होऊन गेलंय, आता तो जितकी जास्त वर्षं अंगावर राहील तितकं बरं.

मी शक्यतो कपडे शिवून घेते आणि टेलरकाकांना दरवेळी बजावून सांगते, दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवा. म्हणजे वजन वाढलं तरी शिलाई उसवून सैल करता येतं, माझा एक कुर्ता असा दोनदा सैल केलाय आणि अजून ऑफिसला घालते. रेडिमेड कुर्ता उलटा करून बघा, ओव्हरलॉक मारलेलं जेमतेम अर्धा इंच कापड असतं, त्यात सोडायला काहीच नाही. विकत घेताना मी आता हे आधी बघते, ब्रँड नंतर.

दुसरं, कापड ओळखायला शिका. दुकानात "प्युअर कॉटन" सगळेच म्हणतात. घरी आल्यावर आतल्या काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. पण धागा कापडाचाच घ्या हं, शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरच असतो. आणि पॉलिस्टर निघालं म्हणून टाकून देऊ नका प्लीज, वापरा, फक्त उगाच दरवेळी धुऊ नका कारण धुताना त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात. मशीन पूर्ण भरल्यावरच लावा, पाणी गार.

सुती का म्हणते तर त्याला पुढे आयुष्य असतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई आणि मी गोधडी घातली, त्यांच्या पाच जुन्या साड्या, धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. मध्ये एक सिंथेटिक साडी घातली होती, ती धावदोरा घालताना सारखी सरकायची, चुण्या पडायच्या, शेवटी दोन दिवसांचे टाके उसवून ती काढली आणि जुनं सुती धोतर घातलं. आता ती गोधडी माझ्या भाच्याकडे आहे, त्याला दुसरं पांघरूण चालतच नाही.

गोधडी जमणार नसेल तर जुन्या सुती कपड्यांची फडकी करा, आणि घालण्यासारखे कपडे असतील तर बोहारणीला द्या. ती ते धुऊन, शिवून पुढे विकते, त्यावर तिचं घर चालतं. आमच्या गल्लीत अजून येते, एका डब्यासाठी फार घासाघीस करू नका तिच्याशी.