ट्रेलर भारी आणि सिनेमा भंगार, असं का होतं? फसवणूक म्हणून तक्रार करता येते का?

ट्रेलर पाहून लगेच तिकीट काढायचं मी तीन-चार वर्षांपूर्वी सोडलं. चोपड्याहून मामा-मामींना घेऊन जळगावला मल्टिप्लेक्सला गेलो होतो. ट्रेलरमधला विनोदी हवालदार मामांना इतका आवडला होता की रोज जेवण झालं की मोबाइलवर लावायला सांगायचे. सिनेमात त्या हवालदाराचे तीनच विनोद निघाले, आणि ते तिन्ही ट्रेलरमधलेच. उरलेले दोन तास भलत्याच कुणाचं तरी लग्न मोडत होतं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "तठे दखाडं ते आठे व्हतंच नही!" मामी मात्र बसस्टँडपर्यंत तीन तिकिटं, पॉपकॉर्न आणि एसटीचं भाडं यांची बेरीज करत होत्या.

आता तुमचं 'का'. ट्रेलर कापणारे एडिटर बऱ्याचदा वेगळे असतात, कधी तर त्याच कामाच्या वेगळ्या कंपनीतले. गोष्ट सांगणं हे त्यांचं काम नाही. अडीच मिनिटांत तुम्हाला घरातून उठवणं हे त्यांचं काम, आणि ते ते चोख करतात. शिवाय ट्रेलर कापतात तेव्हा सिनेमाचं शेवटचं संकलन पुष्कळदा बाकी असतं. म्हणून ट्रेलरमधला एखादा संवाद पडद्यावर शोधूनही सापडत नाही. (पूर्वी ही जाहिरात सिनेमा संपल्यावर, मागून लागायची, म्हणून तिचं नाव ट्रेलर. आता शेपूट आधी येतं.)

तक्रारीचं म्हणाल तर ते करून झालंय, तेही आपल्या महाराष्ट्रातूनच. २०१६ च्या 'फॅन' सिनेमाच्या जाहिरातीत जे गाणं होतं, ते सिनेमात नव्हतं. औरंगाबादच्या एका शिक्षिका ग्राहक मंचात गेल्या. जिल्हा मंचात तक्रार फेटाळली गेली, पण राज्य ग्राहक आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला आणि राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं रद्द केलं. ट्रेलर म्हणजे तिकीट घ्यायला दिलेलं प्रोत्साहन, त्यातलं सगळं सिनेमात असेलच असा करार नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. मला निकाल पटतो, पण मग गिऱ्हाईकानेही गिऱ्हाइकासारखं वागावं ना!

आमच्याकडे कापसाची गाडी आली की वरचा थर पांढराशुभ्र दिसतो. व्यापारी त्याकडे बघतही नाही. कोपरापर्यंत हात खुपसतो, आतला कापूस बाहेर काढतो, ओला आहे का, कवडी म्हणजे किडका-डागाळलेला कापूस किती आहे ते बघतो आणि मग भाव बोलतो. ट्रेलरमध्ये असा हात घालायला जागाच ठेवत नाहीत. तरी मी एक बघतो: दोन माणसं सलग वीस-पंचवीस सेकंद एकमेकांशी बोलतायत असा एक तरी प्रसंग आहे का? नुसतेच सेकंदा-सेकंदाचे तुकडे आणि वर ढोल असेल, तर मी थांबतो. लेखक-दिग्दर्शकाचं आधीचं काम आठवतो. रविवारपर्यंत गावातलं कुणीतरी बघून येतंच, त्याला विचारतो.

'इतके कोटी व्ह्यूज' आणि '१०० कोटी पार' ही पोस्टरं तर सोडूनच द्या. पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवलेल्या व्हिडिओचेही व्ह्यूज मोजले जातात. आणि कमाईचा आकडा ग्रॉस (करासकट) आहे की नेट (कर वजा करून), हे पोस्टरवर क्वचितच लिहितात. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, ग्रॉसमध्ये तोही धरलेला असतो. नेटमधूनही थिएटरवाल्याचा वाटा जातो. आणि एवढं करून ते पैसे निर्मात्याचे, आपली तर फक्त संध्याकाळ जाते.

मामा अजून सिनेमाला येतात. फक्त मध्यंतर झालं की कानाशी येऊन विचारतात, "ट्रेलरमधलं सगळं होऊन गेलं का रे? मग निघू."