गावाची ओढ कुणाला होती?

प्रश्न : शहरी उंदीर आणि गावचा उंदीर ही गोष्ट एका रोमन कवीनेही सांगितलीये असं ऐकलं. हे कवी गावाचं एवढं कौतुक करायचे तर खरंच गावात राहायचे का, की रोममध्ये बसूनच लिहायचे?

उत्तर : हो, होरेसने सांगितलीये, साधारण इ.स.पू. ३० च्या सुमारास. गोष्ट मूळची इसापाच्या परंपरेतली, पण होरेसचे बारकावे बघा, गावचा उंदीर पाहुण्यापुढे साठवलेले हरभरे, मनुका, कुरतडलेले मांसाचे तुकडे सगळं आणून ठेवतो आणि स्वतः पेंढ्यावर पडून जाडंभरडं धान्य खातो, मला ही ओळ फार आवडते. मग शहरात हस्तिदंती पलंग, मेजवानीतलं उरलंसुरलं, आणि तेवढ्यात दारं धाडकन वाजतात, कुत्रे भुंकायला लागतात की संपलं सगळं.

आणि रोमचा वैताग खराच होता हो. मार्शल नावाचा दुसरा रोमन कवी सांगतो की पहाटे शाळामास्तर, रात्री बेकरीवाले आणि दिवसभर तांबटांचे हातोडे, म्हणून झोपायला तो रोमजवळच्या नोमेंटम गावातल्या आपल्या छोट्या घरी जायचा. जुवेनल या आणखी एका रोमन कवीच्या तिसऱ्या सटायरमध्ये, म्हणजे उपहासाच्या कवितेत, तर गाड्यांचा खडखडाट रात्रभर, कारण दिवसा शहरात बहुतेक गाड्यांना बंदीच होती, वर खिडक्यांतून फुटकी भांडी डोक्यावर पडायची.

आता राहायचे का? होरेस राहायचा, त्याचा श्रीमंत आश्रयदाता मेसेनास याने दिलेल्या, रोमजवळच्या सबाइन डोंगरातल्या शेतावर, पण रोममध्येही असायचाच. त्याचा गुलाम दावस एका कवितेत त्याला तोंडावर सुनावतो की रोममध्ये असलास की गाव हवं, गावी गेलास की शहराचे गोडवे गातोस. हे होरेसने स्वतःच लिहून ठेवलंय याचं मला खूप कौतुक वाटतं.

पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या शेतावर ८ गुलाम राबायचे, आणि शेताच्या कारभाऱ्याला होरेसने लिहिलेलं एक काव्य-पत्र आहे, त्यात कळतं की हा कारभारी शहरात असताना गावी जायला तळमळायचा आणि आता गावात आल्यावर त्याला शहरातले खेळ, स्नानगृहं, तेलकट खानावळ आठवतेय. होरेस त्याची समजूत काढतो, पण नांगर धरायचा, बैलांना चारा घालायचा तो कारभाऱ्यानेच ना! होरेस स्वतः ढेकळं-दगड उचलायला लागला की शेजारी हसायचे, हेही त्याच पत्रात आहे. म्हणून वाचायचंच असेल तर होरेसच्या सटायरच्या दुसऱ्या पुस्तकातलं ६वं, ज्यात उंदरांची गोष्ट आहे, ते आधी वाचा आणि लगेच हे पत्र, त्याच्या काव्य-पत्रांच्या पहिल्या पुस्तकातलं १४वं, दोन्ही सोबतच वाचा.