माकडतापाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. पुढे कुठला विषय धरावा असं विचारताना तू तीन रकाने आखलेस, उत्तर लांबलं ते त्यांच्यामुळे. परिसरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वैद्यक. प्रत्येकाखाली फायदे, तोटे आणि तळाशी पगार. पगाराचा रकाना केलास ते बरं केलंस. आमच्या वेळी तो विषय काढला की लोक नाक मुरडायचे, आणि मग पस्तिशी उलटून गेल्यावर फेलोशिपवर घर चालवताना तीच माणसं विज्ञानावर रुसून बसायची.

वरचे तीन मथळे मात्र मला पटले नाहीत. का, ते सांगायचं तर तुझ्याच जिल्ह्यातून सुरुवात करते. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हा तू शाळेत असशील. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात तो दिसला होता. आपल्याकडे नवा असला तरी आजार जुना आहे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पहिली शंका आली ती पिवळ्या तापाची, कारण दक्षिण अमेरिकेत तो असाच माकडांच्या मरणातून कळतो. तो आपल्या देशात कधी आलेला नव्हता, पण पसरवणारे डास घरोघरी होते. धाबं दणाणणारच. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधून (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, एनआयव्ही) टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी तिकडे गेले. विषाणू हाती आला तो पिवळ्या तापाचा नव्हताच. त्याचं गोत्र निघालं रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी.

शिमोग्यात रशियाचा भाऊबंद आला कसा? थंडीत उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावर गोचिडी घेऊन येत असतील, असा तर्क निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी घालायचं मोठं काम उभं राहिलं. पक्ष्यांनी विषाणू सायबेरियातून आणला, हे काही सिद्ध झालं नाही. पण आपल्याकडे येणारे पक्षी कुठून येतात, याबद्दल जे आपल्याला कळलं त्यातलं बरंचसं या फसलेल्या तर्काच्या पैशातून कळलं. आता हे काम तुझ्या कुठल्या रकान्यात घालशील?

खरा नायक, किंवा खलनायक म्हण, साध्या डोळ्यांना नीट दिसतही नाही. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि तिन्ही वेळा वेगळ्या जनावराचं. पावसाळा सुरू झाला की मोठ्या झालेल्या गोचिडी बाहेर पडतात. त्यांना गवा-सांबरासारखं मोठं जनावर लागतं, नाहीतर आपली गाय-म्हैस. पोट भरलं की मादी गळून पडते आणि पाचोळ्यात हजारांनी अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यातून निघणाऱ्या अळ्या उंदीर, चिचुंद्र्या आणि जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना चिकटतात. तिथून पुढची अवस्था निम्फ, जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी. ती साधारण डिसेंबर ते मे या काळात रानात असते आणि चिकटते ती वानराला, केलट्याला म्हणजे लाल तोंडाच्या माकडाला, आणि वाट चुकून माणसाला. विषाणूच्या दृष्टीने माणूस म्हणजे पुढे बंद झालेली गल्ली. आपल्याकडून तो कुणाकडेच जात नाही.

आता हे आपल्या कोकणच्या दिनदर्शिकेवर ठेवून बघ. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. बोंडू खाली पडतात, बायका वाकून पाचोळ्यातून बिया वेचतात. भाजावळीसाठी, म्हणजे शेताची जमीन भाजायला, पातेरा (गळलेला पाला) गोळा करून डोक्यावरून आणायचे दिवसही तेच. म्हणजे निम्फ जिथे बसलेली असते तिथेच आपण हात घालतो. ताप येतो तेव्हा आरोग्य खातं धावतं, माणसं येतात, गाड्या येतात, नमुने पुण्याला जातात. आणि पहिला पाऊस पडला की सगळे परत जातात, कारण रुग्ण संपलेले असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या आजाराचं वर्ष तेव्हा सुरू होतं. जूनमध्ये शेतात भात असतं, म्हणून गुरं डोंगराकडे, रानात नेतात. मोठ्या गोचिडी नेमक्या तेव्हाच गुरांची वाट बघत असतात. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, गुरं आजारीही पडत नाहीत, म्हणून रोगाच्या यादीत त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. पण पुढच्या मार्चमध्ये किती निम्फ असतील हे बरंचसं या जुलैमध्ये रानात किती गुरं गेली यावर ठरतं. जंगल आणि वस्ती यांच्या सीमेवर गुरांमुळे गोचिडी माजतात, हे १९६०च्या दशकात सांगितलं होर्हे बोशेल नावाच्या कोलंबियन माणसाने. हा मनुष्य आधी कोलंबियातच पिवळ्या तापाच्या मागे होता. तिथे लाकूडतोडे झाड पाडत असताना तो जवळ उभा होता. झाड कोसळलं आणि इतका वेळ शेंड्यावर राहणारे निळे डास त्याच्याबरोबर खाली येऊन माणसांवर तुटून पडले. जंगलातला पिवळा ताप लाकूडतोड्यांनाच का होतो, याचं उत्तर त्याच्यासमोर जमिनीवर पडलं. मला वाटतं, शिमोग्यात त्याने गुरांकडे पाहिलं ते त्याच डोळ्यांनी. तो शिकलेला डॉक्टर होता, हे तुझ्या तिसऱ्या रकान्यासाठी सांगून ठेवते.

यावरून ‘सगळं थोडं थोडं शिकते’ असं ठरवशील तर फसशील. एक विद्या हातात पक्की हवी. तुझी सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. होतेच आहे, तर तीच धर. पीसीआर, म्हणजे नमुन्यात विषाणूचा अंश शोधायची चाचणी, असा शिक की रात्री अडीचला उठवून विचारलं तरी कुठली ट्यूब का चुकली हे सांगता यावं. पण या विषाणूशी सलगी नको. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेतली बरीच माणसं कामामुळेच आजारी पडली होती. जिवंत विषाणूचं काम पुण्यात पाषाणच्या बीएसएल-४ (सर्वात कडक सुरक्षेची प्रयोगशाळा) सारख्या बंदिस्त जागीच होतं आणि तिथे शिरायला वर्षानुवर्षांची तालीम लागते. तिथे जायची घाई करू नकोस.

माझी एक चूक सांगते, म्हणजे बाकीचं वेगळं सांगायला नको. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पावसाळ्यात तीन महिने गोचिडी गोळा केल्या. काठीला फ्लॅनेलचं पांढरं कापड बांधायचं, पाचोळ्यावरून ओढत न्यायचं, दर काही पावलांनी उलटून चिमट्याने गोचिडी वेचायच्या. नंतर संध्याकाळी गोठ्यात जाऊन गुरांच्या कानांतून, मानेखालून काढायच्या. सगळ्या छोट्या बाटल्यांत, सत्तर टक्के अल्कोहोलात. प्रत्येक बाटलीत चिठ्ठी, सुंदर अक्षरात, शाईच्या पेनने. परत येऊन पेटी उघडली तर अल्कोहोल निळसर झालेलं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. कुठली गोचीड गाईची, कुठली पाचोळ्यातली, कुठल्या गावची, काही कळायला मार्ग नव्हता. आमच्या वरिष्ठांनी काहीही न बोलता खिशातली शिसपेन्सिल काढून माझ्या टेबलावर ठेवली. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसरी चूक त्याहून मोठी होती, पण ती लक्षात यायला आणखी वर्ष गेलं. अल्कोहोलात ठेवलेली गोचीड ओळखायला उत्तम, पण तिच्यातून विषाणू वाढवता येत नाही. त्याला गोचीड जिवंत हवी, नाहीतर लगेच गोठवलेली. मी परिसरशास्त्राच्या सवयीने गोळा करत होते आणि प्रयोगशाळेतला मित्र वाट बघत होता की मी त्याच्यासाठी काहीतरी आणेन. आम्ही दोघं एकाच कॅन्टीनमध्ये रोज चहा प्यायचो. निघण्याआधी एकदा विचारलं असतं, तर एक थर्मास आणि थोडा बर्फ यांनी काम भागलं असतं.

डॉक्टरांबद्दल तुझ्या पत्रात जरा आकस दिसला. सोड तो. माकडताप सुरुवातीला डेंगूसारखाच दिसतो: अचानक ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग ठणकणं, डोळे लाल, प्लेटलेट कमी. प्राथमिक आरोग्य केंद्रातला अनुभवी डॉक्टर तोंड उघडायला लावून टाळूवर बॅटरी मारतो, कारण काहींच्या टाळूवर बारीक फोड येतात. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. काहींचा ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि मग मेंदूची लक्षणं घेऊन ताप पुन्हा येतो. तुझ्या पीसीआरसाठी हाच डॉक्टर सर्वात महत्त्वाचा माणूस आहे. नमुना तापाच्या कितव्या दिवशी घेतला हे त्याने लिहिलं नसेल, तर तुझ्या ‘निगेटिव्ह’ला काडीची किंमत नाही. पहिल्या दिवसांत विषाणू रक्तात सापडतो, नंतर प्रतिपिंडं शोधावी लागतात. केसपेपरवर पत्त्याला जागा असते. मागचे आठ दिवस रुग्ण कुठल्या रानात, कशाला गेला होता, याला नसते. तेवढं पेनाने कोपऱ्यात लिहा अशी विनंती कर. तिथे शाई चालेल.

लशीबद्दल विचारलं होतंस. जुनी लस निष्क्रिय विषाणूची होती, अनेक मात्रा आणि वर्षावर्षाला बूस्टर. तिचा गुण कमी पडत गेला आणि अखेर ती थांबवावी लागली. नवी यावी म्हणून काम चाललंय. तोवर अंगाला गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी तेल आणि रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. तेल चिकट, उन्हात घाम आला की नकोसं होतं. काजू वेचणाऱ्या बाईने ते लावलं नाही म्हणून तिला अडाणी ठरवणाऱ्या सादरीकरणात टाळ्या वाजवू नकोस.

हो, आणि ‘वन हेल्थ’, म्हणजे माणूस, जनावरं आणि परिसर यांचं आरोग्य एकच मानायचं. हा शब्द अर्जात घाल, पैसे त्यानेच मिळतात. आमच्या एका बैठकीत एका ग्रामसेवकाला ‘वन हेल्थ’ म्हणजे वनाचं आरोग्य वाटलं होतं. सगळे हसले. मला वाटतं, बैठकीत विषय कळलेला तो एकटाच होता. दक्षिण कन्नडमध्ये बेळतंगडीकडे काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं आणि त्यानंतर १९८२-८३ मध्ये तिथे साथ भडकली, हे त्याला सांगावं लागलं नसतं.

तर रकाने पुसून टाक आणि येत्या आषाढात दोडामार्गला जा. रुग्ण नसतील, गाड्या नसतील, कुणी विचारणार नाही. गमबूट घाल, पँट मोज्यांत खोच, परत आल्यावर काखेत आणि कानामागे बघ, चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नकोस. शिसपेन्सिली चार ने, आणि टोक काढायला ब्लेड. ओल्या हवेत शार्पनरमध्ये लाकूड अडकतं. एक थर्मास. गुरं परतायच्या वेळी गोठ्यापाशी उभी राहा, पण लगेच कानाला हात घालू नकोस. आधी गाईचं नाव विचार आणि वहीत लिही. तुला पुढच्या महिन्यात तीच गाय लागेल, आणि नंबराने विचारलंस तर कुणी ओळखणार नाही.

तुझी,
मावशी